गंगेवर जाऊन येतो

रसवंती लागली की आमच्याकडे उन्हाळा सुरू झाला असं समजायचं, कॅलेंडर काहीही म्हणो. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर दर वर्षी त्याच कडुनिंबाखाली हिरवं कापड ताणलं जातं, चरकाला घुंगरं बांधली जातात आणि चाक फिरलं की तो आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. परवा तो आला. मी चष्मा पुसला, चपला घातल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, "कट्ट्यावर जातोय. रसवंतीच्या कट्ट्यावर. जेवायच्या आत येतो."

"बरं," आतून उत्तर आलं. नवीन लग्न झालेल्या माणसासारखं मी असं सविस्तर सांगून निघतो, याचं आता हिला काही वाटत नाही. कुठं, कुठल्या आणि कधीपर्यंत, एवढं बोलल्याशिवाय आमच्या कट्ट्यावरचं कुणीच घराबाहेर पडत नाही. शेजाऱ्यांना हा माझा काटेकोरपणा वाटतो. काटेकोर मी आहेच. सातपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजण्यात माझी सगळी नोकरी झाली. पण ही सवय तिथली नाही. ती एका उन्हाळ्याची आहे.

निकम आधीच येऊन बसला होता. हा दिंडोरीकडचा गडी. गावाला द्राक्षबाग, मुलं शाळेत होती तेव्हा शहरात घेतलेला फ्लॅट. बोलणं मात्र अजून बांधावरचंच. एप्रिलची छाटणी उरकली की बागेतल्या वेली नुसत्या काड्या होऊन उभ्या असतात, त्यांना डोळे फुटायची वाट बघायची, आणि त्या रिकाम्या दिवसांत निकमच्या डोक्याला सहलींचे डोळे फुटतात.

"बोला आहेर साहेब, यंदा कुठं?"

"तू सांग."

"सापुतारा! लय गार. आणि पन्नास किलोमीटर."

"ऐंशी. आणि दुपारी तिथंही पंखा लागतो."

"ह्या माणसाला स्वर्गात नेला तरी हा दारातच म्हणंल, पाटीवर अंतर चुकीचं लिवलंय."

रफिकभाई हसला. द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या सीटा शिवायचं त्याचं दुकान आहे, त्यामुळं कोण कुठं निघालंय हे त्याला सर्वांच्या आधी कळतं. "भंडारदरा बोलो यार. मे संपत आला की काजवे. झाडच्या झाड लुकलुकतं. बच्चेलोक तोंड उघडं टाकून बघत राहतात."

"आणि एकाच वेळी सगळं नाशिक तिथं," मी म्हटलं.

"मग पांडवलेणी," निकम म्हणाला. "सकाळी सकाळी जायचं, ऊन चढायच्या आत खाली, आन् खाली मिसळ. खर्च नाय, मुक्काम नाय."

"पाहुणे आले की प्रत्येक जण पांडवलेणीच दाखवतो. आपण स्वतः किती वेळा बघितली?" मी विचारलं.

यावर तिघंही विचारात पडलो. आमच्या गावातल्या बघण्यासारख्या जागा आम्हाला तोंडपाठ आहेत, कारण त्या आम्ही दुसऱ्यांना सांगत आलो. दुगारवाडीच्या धबधब्याला उन्हाळ्यात जाऊ नका, नुसता खडक आहे. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी एव्हाना उडून गेले. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच नमस्कार करावा. आमचा निम्मा उन्हाळा अशी माहिती वाटण्यात जातो आणि निम्मा, आपण कुठं जायचं यावर भांडण्यात.

कट्ट्यावरची चौथी जागा, कडुनिंबाच्या बुंध्याला टेकायची, रिकामी होती. तिथं आम्ही दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. परवाही एक तरुण जोडपं ग्लास घेऊन तिकडे वळलं, तर निकमनं आपला पंचा पुढं सरकवला. "जागा धरलीय, बेटा," एवढंच म्हणाला. 

ती जागा मधुभाऊंची.

मधुभाऊ आमच्यात सगळ्यात मोठे. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, कान तिखट. चरकाच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत. त्यांच्याबरोबर शैला वहिनी यायच्या, बिनबर्फाचा अर्धा ग्लास घ्यायच्या. आमच्या वादात त्या पडत नसत. फक्त दर वर्षी एकदा, निघता निघता, मला विचारत, "आहेर भाऊजी, रेल्वेचं रिझर्वेशन आता किती आधी काढावं लागतं हो?"

असल्या प्रश्नाला मी नेहमी तयार असतो. किती आधी, कुठला क्लास, खालचा बर्थ कसा मागायचा, तात्काळ कशाला म्हणतात, सगळं नीट सांगायचो. त्या मान डोलावून ऐकायच्या. पुढल्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. मधल्या काळात काही ना काही निघालेलं असे. मुलीची बारावी, मग मुलीचं लग्न, गच्चीची गळती, मधुभाऊंचा मोतीबिंदू. त्यांना जायचं कुठं होतं, हे त्या कधी बोलल्या नाहीत. मी गाडीची माहिती सांगत राहिलो.

मग एका दिवाळीनंतर वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. रामकुंडावर अस्थी सोडायच्या दिवशी आम्ही तिघं बरोबर होतो. इथल्या पाण्यात अस्थी विरघळतात, अशी श्रद्धा आहे, म्हणून कुठून कुठून लोक येतात. विधी आटोपला, गुरुजींनी वर यायला सांगितलं, पण मधुभाऊ गुडघाभर पाण्यात उभेच. बघत होते. शेवटी रफिकभाई पँट न दुमडता तसाच उतरला आणि त्यांना दंडाला धरून वर आणलं. 

पुढे एप्रिल आला. रसवंती लागली. मधुभाऊ एकटेच येऊ लागले, बिनबर्फाचा अर्धाच ग्लास घेऊन बुंध्याला टेकून बसू लागले. आधी ते पूर्ण ग्लास घेत, बर्फासकट. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण ही गोष्ट विचारायची तरी कशी?

त्या संध्याकाळी निकमचं हिमाचल चाललं होतं. कुठल्या तरी पॅकेजची जाहिरात त्याच्या फोनवर आली होती. रफिकभाईला अजमेर आणि तिथूनच पुढं पुष्कर करायचं होतं. मी दोन्हींच्या प्रवासाचे तास सांगून दोघांचाही उत्साह घालवत होतो. उकाडा असा की कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. मधुभाऊंनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "आम्ही गंगेवर जाऊन येतो."

बाहेरगावच्या वाचकाला इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही नाशिककर गोदावरीला बोलताना गोदावरी म्हणत नाही. ते नाव शाळेच्या पुस्तकातलं. घरात, दारात, रिक्षात ती गंगा. गंगेला पूर आला, गंगेवर बाजार भरलाय, गंगेवर दिवे सोडले. कुणी गंगेवर जाऊन येतो म्हणाला, तर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाल्याइतकी ती साधी गोष्ट असते.

"आम्ही?" निकम म्हणाला. "आम्ही कोण? राजेसाहेब लागून गेले! घोडा आणू का?"

मधुभाऊ हसले. रफिकभाई म्हणाला, "जाताय तर येताना मेथी आणा, भाऊ. घाटावर ताजी मिळते." आणि निकमनं पुन्हा हिमाचल काढलं. मधुभाऊ उठून कधी गेले ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. ऊन फार आहे, घरी असतील. तिसऱ्या दिवशीही नाहीत. रफिकभाईनं फोन लावला, बंद होता. "चार्जिंग विसरले असतील." त्यांची ती सवयच होती. आम्ही रस प्यायलो आणि घरी गेलो. 

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी, कारखान्यात जेवणाची सुट्टी असताना, वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे त्यांची मुलगी, पुण्याला असते.

"काका, बाबा तुमच्याकडे आहेत का? दोन दिवस फोन बंद येतोय. शेजारच्या काकू म्हणतात, दाराला कुलूप आहे."

"अगं असतील इथंच कुठं तरी. तेरवा तर गंगेवर जातो म्हणाले..."

मी बोलता बोलता थांबलो.  

"काका," ती म्हणाली, "तेरवा म्हणाले, आणि मग कुणी बघितलंच नाही त्यांना?"

कोथिंबीर आणण्याइतकं साधं असलेलं ते वाक्य तिच्या तोंडून ऐकल्यावर निराळंच वाटलं. मला गुडघाभर पाणी दिसलं. रफिकभाईची भिजलेली पँट दिसली.

"मी निघते," ती म्हणाली. मी डबा तसाच झाकला.

एप्रिलच्या त्या दुपारी घाटावर कुणी बघायला येण्यासारखं काही नव्हतं. नाशिकची हवा थंड म्हणून एके काळी लोक इथं उन्हाळा काढायला येत, असं आम्ही पाहुण्यांना अजूनही अभिमानानं सांगतो. त्या दिवशी घाटाच्या दगडावर पाय ठेववत नव्हता. मी आणि रफिकभाई त्याच्या स्कूटरवर, निकम थेट बागेतून, अंगावर औषध फवारल्याचा वास तसाच. पुलावर गाडी लावून आम्ही खाली पाहिलं आणि निकम म्हणाला, "आयला. आवर्तन सुटलंय."

गंगापूर धरणातून खालच्या गावांसाठी उन्हाळ्यात ठरावीक दिवस पाणी सोडतात, ते आवर्तन. एरवी एप्रिलमध्ये हिरवट, थांबलेली असते ती गंगा त्या दिवशी चांगली वाहत होती. पायऱ्या बुडाल्या होत्या. पोरं सूर मारत होती. इतर कुठल्याही दिवशी मला ते पाहून बरं वाटलं असतं.

माझं डोकं आपोआप चालू लागलं. पाणी कधी सुटलं असेल, किती वेगानं वाहतंय, दोन-तीन दिवसांत एखादी वस्तू कुठवर जाईल. मी 'वस्तू' असाच विचार करत होतो. दुसरा शब्द मनात येऊ देत नव्हतो. असं गणित येणं ही किती वाईट गोष्ट आहे, हे मला त्या पुलावर कळलं. निकमला गणित येत नाही, तो नुसता कठड्याला धरून पाण्याकडे बघत होता. मला उत्तर दिसत होतं आणि ते मी त्याला सांगत नव्हतो.

आम्ही विचारत सुटलो. फोटो दाखवायला म्हणून मोबाइल उघडले तर तिघांच्याही मोबाइलमध्ये मधुभाऊंचा एकट्याचा फोटो नाही. सगळीकडे चौघं, कुणाचा तरी हात मध्ये, किंवा मधुभाऊ कडेला अर्धे कापलेले. शेवटी निकमच्या मुलाच्या लग्नातला एक निघाला. त्यात ते फेट्यात होते.

नारळवाला नाही म्हणाला. अंगारा-भस्म विकणारे बाबा नाही म्हणाले. रामकुंडाजवळ फुलांच्या पुड्या बांधत बसलेल्या एका मावशींनी मोबाइल हातात घेतला, फेट्यावर बोट ठेवून तो झाकला आणि नुसता चेहरा पाहिला.

"हे व्हते परवा. सकाळचं."

"नक्की, मावशी?"

"माझ्याकडनंच फुलं घेतली ना. पिशवी व्हती खांद्याला. पाण्यात उभे व्हते, लय टाइम. मी म्हनलं, बाबा, वर या, पाणी वाढतंय."

"मग?"

"मंग गिऱ्हाईक आलं. नंतर पाह्यलं तं नव्हते."

निकम खाली बसला. तापलेल्या पायरीवर, तसाच.  रफिकभाई पाण्याच्या कडेकडेनं चालत पुढं गेला, गांधी तलावापर्यंत, आणि प्रत्येक अडकलेल्या कापडाजवळ, प्रत्येक हारांच्या ढिगाजवळ थांबत होता. मला त्याची पाठ दिसत होती. तो वाकला की मी एक पायरी खाली उतरायचो. तो सरळ झाला की थांबायचो.

शेवटी आम्ही चौकीत गेलो. टेबलामागे एक तरुण मुलगी होती, कॉन्स्टेबल, बोलण्यावरून वऱ्हाडातली. पंखा होता, पण तो गरम हवाच ढकलत होता. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि विचारू लागली. उंची? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शर्टाचा रंग? "पांढरा असेल," मी म्हणालो. "निळा," रफिकभाई म्हणाला. निकम म्हणाला, "चौकडा." अंगावर काही खूण? माहीत नाही. इतक्या संध्याकाळी ज्याच्या मांडीला मांडी लावून बसलो, त्या माणसाचं एकही माप मला सांगता येईना.

"बरं, शेवटचं काय बोलले ते?"

"गंगेवर जाऊन येतो म्हणाले."

तिनं मान वर केली. "कोणती गंगा?"

आम्हाला प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे काय, मॅडम?" निकम म्हणाला. "गंगा. ही. मागं वाहतीय ती."

"ही तं गोदावरी आहे ना, काका? मी सहा महिन्यांपूर्वी बदलून आली इथं, तवापासून ऐकून राहिली, गंगा, गंगा. आमच्याकडं कोणी म्हणलं ना, गंगेवर चाललो, तं आम्ही त्याले सोडाले स्टेशनवर जातो. काशीले चालला म्हणतो."



मला वहिनींचा आवाज ऐकू आला. आहेर भाऊजी, रेल्वेचं रिझर्वेशन किती आधी काढावं लागतं? मी वैशालीला फोन लावला. ती संगमनेरच्या पुढं होती.

"वैशाली, एक सांग. तुझ्या आईला कुठं जायचं होतं?"

"काशीला," ती लगेच म्हणाली. विचारात पडावं लागलं नाही तिला. "कायमच. का?"

का ते मी सांगितलं. पण हे सुद्धा नीट सांगितलं पाहिजे, की त्यानं आमची सुटका झाली नाही. आता दोन गंगा झाल्या, एवढंच. एक मागं वाहत होती, वाढलेल्या पाण्याची, आणि तिच्यात आमच्या माणसाला उभं राहिलेलं एका बाईनं पाहिलं होतं. दुसरी गाडीनं एका दिवसाच्या अंतरावर, आणि तिच्या बाजूनं आमच्याकडे फक्त एका पोरीचा प्रश्न होता. कॉन्स्टेबलनं दोन्हीकडे कळवलं. खालच्या गावांना आणि रेल्वे पोलिसांना. वैशाली आली. आम्ही मधुभाऊंच्या जिन्यात बसून राहिलो. कुलूप तोडावं की नाही यावर कुणी बोललं नाही. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी, दूधवाल्यांच्या वेळेला, वैशालीच्या फोनवर अनोळखी नंबर आला. तिनं तो उचलला नाही, माझ्या हातात दिला. मला तिचं कारण समजलं. मी बटण दाबलं.

"कोण? वैशू?" मधुभाऊंचा आवाज. मागं घंटा वाजत होत्या, कुणी तरी हिंदीत नावेची गिऱ्हाइकं बोलवत होतं.

मी लगेच फोन स्पीकरवर टाकला.

"अरे, माझा फोन बंद पडलाय. चार्जर घरी राहिला. या नाववाल्याच्या फोनवरून बोलतोय, त्याचे पैसे जातायत, लवकर बोला."

"तुमच्या आयला तुमच्या!" निकम जिन्यातच उभा राहून ओरडला आणि खालच्या मजल्याचं दार उघडलं गेलं. "इथं पाण्यात शोधतोय आम्ही तुम्हाला!"

"पाण्यात? कशाला? मला पोहता येतं." मग जरा थांबून, दुखावल्यासारखे, "मी सांगून गेलो होतो ना तुम्हाला."

वैशालीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि रडायला लागली. रफिकभाई जिना उतरून खाली गेला. थोड्या वेळानं तो चहा घेऊन वर आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला होता.

ते परत आले त्या संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही त्यांना सळो की पळो करून सोडणार होतो. निकमनं शिव्यांची तयारी करून ठेवली होती. मधुभाऊ आले, बुंध्याला टेकले आणि पूर्ण ग्लास मागितला. बर्फ घालून. निकमच्या शिव्या तोंडातच राहिल्या.

"गाडी बरी होती," ते म्हणाले. "आम्हाला खालचा बर्थ मिळाला. खिडकीचा."

पुन्हा तेच 'आम्ही'. या वेळी कुणी थट्टा केली नाही.

त्यांनीच हळूहळू सांगितलं. गाडीला वेळ होता म्हणून आधी रामकुंडावर गेले. फुलं घेतली. पाण्याची एक बाटली भरून घ्यायची होती. "कितीतरी वेळ उभा राहिलो. कुठलं पाणी घ्यावं ते कळेना. ती मावशी वर या, वर या करत होती." मग भरली. गाडीत बाटली खिडकीशी ठेवली, कारण शैलाला खिडकी लागायची. तिथं पोचल्यावर सकाळी नावेत बसले, मध्यावर नाववाल्याला थांबायला सांगितलं आणि बाटली त्या गंगेत ओतली.

"झाली तिची काशी," ते म्हणाले.

 पण माझं डोकं मला ठाऊक आहे. दिवाळीनंतरचं पाणी एप्रिलपर्यंत रामकुंडात राहत नाही. ते नांदूर मध्यमेश्वर ओलांडून कधीच जायकवाडीला पोचलेलं असतं, शेतात गेलेलं असतं, उसात गेलेलं असतं. बाटलीत जे होतं ते नुकतंच धरणातून सुटलेलं.

मधुभाऊ माझ्याकडे बघत होते. "तू काय हिशोब करतोयस ते मला कळतंय, आहेर," ते म्हणाले. "करू नकोस."

"नाही करत," मी म्हणालो. आणि खरंच, सोडून दिला.

चरक फिरत होता. ते उठता उठता म्हणाले, "तुम्ही कधी गेलात तर एक लक्षात ठेवा. सकाळच्या नावेत घाटाकडे तोंड करून बसायचं. ऊन पाठीवर येतं. तोंडावर घेतलं तर तिचं डोकं दुखतं."

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना सांगितलेल्या सगळ्या सहलींच्या माहितीतली एवढी एकच गोष्ट मी विसरलेलो नाही. सापुताऱ्याचं अंतर मला विचारलं तर मी सांगेन. पण कुणी प्रवासाला निघालं की माझ्या तोंडी आधी येतं ते, बसायचं कुणीकडे तोंड करून.

तेव्हापासून कट्ट्यावर एक पद्धत पडली. कुणी म्हणालं, "गावाला जाऊन येतो," की बाकीचे एकदम म्हणतात, "कुठल्या?" निकमची बायको म्हणते, तुम्ही लोक येडे झालात. एकदा रफिकभाई म्हणाला, "मी जरा आत जाऊन येतो," तेव्हाही निकमनं विचारलं, "कुठल्या आत?" आणि रसवंतीवाला हसत सुटला. हसतो आम्हीही. पण उत्तर मिळेपर्यंत ग्लास खाली ठेवलेला असतो, हेही खरं.

परवा मधुभाऊ उशिरा आले. लांबून ट्रॅकच्या फाटकाशी त्यांची ती जरा उजवीकडे कललेली चाल दिसली, आणि निकमनं पंचा उचलला. त्यांच्या खांद्याला पिशवी होती. ते बसले नाहीत. बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बसा की, भाऊ," रफिकभाई म्हणाला. "यंदा भंडारदऱ्याचं चाललंय. काजवे."

"जा तुम्ही. छान असतं." त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. "आम्ही गंगेवर जाऊन येतो."

घुंगरं थांबली. योगायोगानं रसवंतीवाला मोळी सोडत होता, म्हणून थांबली.

"कुठल्या?" आम्ही तिघं.

"इथल्याच रे." त्यांनी रिकामी पिशवी दाखवली. "बुधवारचा बाजार आहे. भाजी आणतो."

परवा शुक्रवार होता.

मी तोंड उघडलं होतं. माझ्यासारख्या माणसाचं उघडतंच. मग मिटलं, ग्लास तसाच फळीवर ठेवला आणि घरी फोन केला.

"ऐक, कट्ट्यावरून गंगेवर जातोय. इथल्या. मधुभाऊंबरोबर. जेवायला थोडा उशीर होईल."

निकम पंचा खांद्यावर टाकत म्हणाला, "चला, मलाबी मेथी घ्यायचीय." रफिकभाईनं खिशातून गाडीची किल्ली काढली होती.